मोठ्यानं मोजा

भोइटे सरांनी उभ्या आयुष्यात एकदाही शिटी फुंकली नाही. गळ्यात मात्र ती कायम असायची, काळ्या दोरीत, छातीच्या बरोबर मधोमध. कॉलेजात नवा आलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारायचाच, "सर, ये बजाते क्यों नहीं?" उत्तर ठरलेलं होतं. "शिटीनं कुत्री येतात. पोरं हाकेनं येतात." आणि मग अशी काही हाक मारायचे की मैदानापलीकडच्या भिंतीवरची कबुतरं उडायची.

हे मी आता कौतुकानं लिहिते आहे. तेव्हा मला या सगळ्याचा नुसता वैताग यायचा. माझा मानसशास्त्राचा वर्ग मैदानाला लागून होता. मी फळ्यावर 'नैराश्याची लक्षणे' असं मथळ्यात लिहीत असले की खिडकीतून यांचा आवाज आत घुसायचा, "मोठ्यानं मोजा! मनात मोजलेलं मोजलेलं नसतं!" आणि त्यामागून पन्नास पोरांचा गलका, "सतरा, अठरा, एकोणीस..." मी धाडकन खिडकी लावून घ्यायचे. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात खिडकी लावून घेणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल.

मोजणी मराठीत असायची, बरं का. भोइट्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आले. माधवगंजातल्या तालमीत त्यांच्या आजोबांनी आणि वडिलांनी जोर-बैठका मराठीत मोजल्या, म्हणून यांनीही मराठीतच मोजल्या. त्याला आता इलाज नव्हता. पोरं सगळी तोमर, भदौरिया, कुशवाह, खान. मराठीचा दुसरा शब्द येत नव्हता, पण शंभरापर्यंत बिनचूक. फक्त एकोणपन्नासला जीभ अडखळायची. एक भदौरिया पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेला गेला आणि तिथेही सवयीनं मराठीत मोजायला लागला. साहेबानं विचारलं, "महाराष्ट्र के हो?" तर म्हणाला, "नहीं साहब, भोइटे सर के यहाँ के हैं." ही गोष्ट सर वर्षभर सांगत होते. दर वेळी हसताना डोळ्यांत पाणी यायचं.

आमच्या आपट्यांचे पूर्वजही त्याच सुमाराला आले, पण दरबारात पत्रं लिहायला. इतक्या पिढ्या उलटल्या तरी हा फरक आम्ही दोघंही विसरलो नव्हतो. "तुमच्या लोकांनी कागद केले, आमच्या लोकांनी पाय झिजवले," असं ते तोंडावर म्हणायचे. मी हसायचे आणि मनात म्हणायचे, म्हणूनच तुम्ही उन्हात आणि मी कूलरखाली. कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच उरलो होतो. त्यामुळे त्यांना वाटायचं की आमचं काही नातं आहे. मला तसं काही वाटत नव्हतं, हे आत्ताच कबूल करून टाकते.

कॅनव्हासचे पांढरे बूट, खडू लावून रोज पांढरे केलेले. खिशात भाजलेले चणे. शेवटची फेरी पुरी करणाऱ्याच्या तळहातावर मोजून पाच चणे ठेवायचे, प्राचार्यांचा मुलगा असला तरी पाचच. कुणाशी हात मिळवायचे नाहीत, मनगट धरायचे. दोन बोटं नाडीवर, नजर आकाशात. आणि बैठका घालताना कुणी चोरी केली, अर्ध्यातच वर आला, तर ओरडायचे नाहीत. साध्या आवाजात एवढंच म्हणायचे, "मग पहिल्यापासून." पोरगं निमूट 'एक' पासून सुरू करायचं. पाठ फिरवलेली असली तरी यांना चोरी कळायची. कशी, असं मी एकदा विचारलं.

"आकडा कुणालाही म्हणता येतो, मॅडम. धाप उसनी आणता येत नाही."

मी म्हटलं, वा, आता मानसशास्त्रसुद्धा मैदानातच शिकवा. तर म्हणाले, "नाही नाही. मनाचं तुमच्याकडे, पायांचं माझ्याकडे."

पण एकदा त्यांनी ही हद्द ओलांडली होती. वार्षिक खेळांत शिक्षकांच्या चालण्याच्या शर्यतीत मी होते. सगळ्यांदेखत हसत-खिदळत, बाकीच्या मॅडमना टोमणे मारत चालले होते. हे कडेनं बरोबर चालायला लागले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही बाहेर या. दोन दिवस झोपल्या नाही आहात तुम्ही." मी उडालेच. आई दवाखान्यात होती, आणि कॉलेजात मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं, एक शब्द विचारला नाही. मी भोकाड पसरून रडले. ते पाठ करून उभे राहिले, कुणी इकडे येऊ नये म्हणून.

हे मुद्दाम सांगितलं. या माणसाला धाप ऐकू येते हे मला ठाऊक नव्हतं, असं मी कुठल्याही तोंडानं म्हणू शकत नाही.

मग कोरोना आला. कॉलेजला कुलूप, मैदानाला कुलूप, पोरं आपापल्या घरात कोंडलेली. वरून पत्र आलं की विद्यार्थ्यांचा व्यायाम आणि मानसिक आरोग्य यांची पाहणी करा. मी तर वाटच बघत होते. चार दिवसांत ऑनलाइन फॉर्म तयार केला. रोज किती व्यायाम करता? झोप कशी लागते? मन कसं असतं? भविष्याबद्दल आशा वाटते का? आणि पोरं फॉर्म भरणार नाहीत या भीतीनं मी एक अक्कल लढवली. जो भरेल त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे पाच गुण. गुण द्यायचे तर नाव आणि रोल नंबर हवाच. झालं! धडाधड फॉर्म आले. मी खूश. पोरं आमच्याच हाताखाली शिकलेली, मॅडमना कुठलं उत्तर आवडतं ते त्यांना पाठ होतं. परीक्षेत जे करायचं तेच त्यांनी तिथे केलं. हे मला कळायला पाहिजे होतं की नाही? वीस वर्षं तेच शिकवत होते मी.

मी फॉर्म भोइटे सरांनाही पाठवला. त्यांच्याकडे बटनांचा फोन. मुलीच्या फोनवर बघितला आणि मला फोन लावला, "मॅडम, यात धाप कुठे लिहायची?"

त्यांनी आपली वेगळीच हजेरी सुरू केली होती. सकाळी साडेपाचपासून एकेका पोराला फोन. फोन जमिनीवर ठेवायचा, पंचवीस बैठका घालायच्या, मोठ्यानं मोजायचं. हे माधवगंजात ओट्यावर बसून कान लावून ऐकणार. खोली केवढी का असेना, बैठकेला जागा किती लागते? दोन पावलं. मग पुढचा फोन. चाळीस-एक पोरं होती. पोरं शिव्या घालत उठायची, पण उठायची. स्टाफरूमच्या ग्रुपवर आम्ही यावर पोटभर हसून घेतलं.

ज्योती कुशवाह दोघांकडेही होती. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला, माझ्याकडे मानसशास्त्र आणि त्यांच्याकडे चारशे मीटर. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन खोल्यांत पाच माणसं. वडील कुठल्याशा खात्यात ड्रायव्हर. तिला पोलिसात सब-इन्स्पेक्टर व्हायचं होतं आणि घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की यंदा भरती झाली नाही तर यंदाच लग्न. भरती आधी पुढे ढकलली, मग परत ढकलली, मग कुणी तारीखच सांगेना. माझ्या वर्गात ती पहाटेच्या सरावानंतर यायची, घामानं निथळत. मी तिला मागच्या बाकावर बसवायचे. वास येतो म्हणून.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी सरांचा फोन आला.

"मॅडम, ज्योती कुशवाह खोटं मोजते आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पलंगावर पडून मोजते आहे. पंचवीस बैठका, आणि आवाज असा की भाजीची यादी सांगते आहे. आठ दिवस झाले."

"कंटाळली असेल हो, सर. सगळेच कंटाळलेत."

"ज्योती?" सर म्हणाले. "मी म्हणतो, मग पहिल्यापासून. तर ती पहिल्यापासून मोजते. तशीच, पडून. पूर्वी एक राउंड जास्त दिला तर माझ्याशी भांडायची पोरगी. भांडली असती तर मी तुम्हाला फोन केला नसता."

मी लॅपटॉप उघडला. तिची ओळ काढली. व्यायाम रोज, एक तासाहून अधिक. झोप उत्तम. मन प्रसन्न. भविष्याबद्दल पूर्ण आशा. म्हटलं, "सर, माझ्यासमोर तिचा फॉर्म आहे. सगळ्या वर्गात पहिला नंबर आहे तिचा."

"तिनंच भरलाय?"

"मग काय तिच्या आजीनं?" मी हसले. ते हसले नाहीत.

"तुम्ही एक फोन लावा तिला. माझ्याशी नुसतं 'जी सर, जी सर' करते. बाईमाणसाशी बोलेल. मनाचं तुमच्याकडे."

"लावते," मी म्हटलं. आणि लावला नाही. वर्गाच्या ग्रुपवर एक पान टाकलं, 'मन प्रसन्न ठेवण्याचे दहा उपाय', वर सूर्यफुलाचं चित्र. ज्योतीनं त्यावर अंगठा दाखवला. मला तेवढं पुरलं.

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा फोन केला. माझा ऑनलाइन परिसंवाद तोंडावर आला होता, विषय काय, तर 'महामारी आणि तरुणांचं मन'. मी संयोजक. पाहुण्यांचे फोटो जमवण्यात माझा जीव अर्धा झाला होता. "सर, उद्या नक्की," म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला त्यांचे तीन फोन आले. माझा फोन उशाशी होता, आवाज बंद करून ठेवलेला.

ज्योतीनं त्या सकाळी फोन उचलला नव्हता. मीही उचलला नाही, तेव्हा सरांनी सायकल काढली आणि माधवगंजातून थाटीपुरला निघाले. लॉकडाऊन कडक होतं. वाटेत मुरारच्या बाजूला एका चौकात पोलिसांनी अडवलं. चार उनाड पोरं आधीच धरलेली होती. शिक्षा ठरलेली, कान धरून पन्नास उठाबशा. सर म्हणाले, "साहब, लौटते में सौ करवा लेना. अभी जाने दो, एक बच्ची का सवाल है." हवालदार म्हणाला, "सबका कोई न कोई सवाल है, चाचा. चालू करो."

साठीला आलेला माणूस. त्यांनी कान धरले आणि सुरुवात केली. आता, घाईत आहात तर उरका ना कशातरी! पण नाही. पाठ ताठ, नजर समोर, खाली पूर्ण, वर पूर्ण, आणि खणखणीत आवाजात मोजणी, एक, दोन, तीन. शेजारची पोरं अर्ध्यातच वर येत होती. हवालदाराला मजा वाटली. "देखो, चाचा से सीखो," म्हणाला, आणि पोरांनी चोरी केली म्हणून सगळ्यांनाच म्हणाला, "फिर से. एक से." यांनी पुन्हा 'एक' पासून पन्नास घातल्या. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी व्हिडिओ काढला.

दुपारपर्यंत तो आमच्या ग्रुपवर आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'भोइटे सर ड्यूटी पर'. हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. माझे तीन चेहरे आहेत त्यात. तीन फोन आलेले तोवर मी पाहिले होते. मला वाटलं, पोलिसांनी धरलं म्हणून ओळख लावायला करत असतील.

सर थाटीपुरला पोचले तेव्हा क्वार्टरला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, थोड्या वेळापूर्वीच दवाखान्यात नेलं. ज्योतीनं काय केलं ते मी लिहिणार नाही. दोन दिवसांनी ती गेली. घरच्यांनी कोरोना सांगितलं, कॉलेजनं शोकसंदेशात तेच छापलं, आणि त्या दिवसांत कुणी कुणाला उलटून विचारत नव्हतं. शंभर उठाबशा आधी सर पोचले असते तर काय झालं असतं, देव जाणे. कदाचित काहीच नाही. चार दिवस आधी मी एक फोन लावला असता तर काय झालं असतं, हे मला विचारू नका. मी स्वतःला विचारते, तेवढं पुरे आहे.

पुढे कॉलेज अर्धवट उघडलं आणि सरांच्या विरोधात चौकशी बसली. हसू नका, खरंच बसली. एक तर त्या व्हिडिओनं कॉलेजची प्रतिमा मलिन झाली होती. आणि कुणीतरी बिननावाची चिठ्ठी पाठवली होती की हे गृहस्थ पहाटे मुलींना फोन करतात. समितीत प्राचार्य, कॉमर्सचे एक प्राध्यापक आणि महिला सदस्य म्हणून मी. सरांनी पांढरे बूट घातले होते. प्राचार्यांनी विचारलं, फोनची काही नोंद आहे? सरांनी पिशवीतून शाळेच्या मुलांची असते तसली वही काढून टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी दोन पानं उलटली आणि माझ्याकडे सरकवली. "मॅडम, आप देखिए. मराठी में है, और लिखावट भी ऐसी."

मी वाचायला लागले. आकडे कुठेच नव्हते. प्रत्येक नावापुढे एखाद-दुसरा शब्द होता. सोनू: दमला, छान. रुखसाना: खोकला, डॉक्टरकडे जा म्हटलं. नीलेश: घाईत, घरात भांडण. पूजा: रडून उठली. रोजचं एक पान, चाळीस नावं, चाळीस शब्द. मी मानसशास्त्राची डॉक्टर. माझ्या सव्वीस प्रश्नांना जे सापडलं नव्हतं ते इथे पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं होतं.

मग ज्योती. ज्योती: खोटं. दुसऱ्या पानावर, ज्योती: खोटं. तिसऱ्यावर, खोटं. आठव्या पानावर, खोटं, आपटे मॅडमना सांगितलं, त्या बोलणार आहेत. मग तीन पानं नुसतं खोटं. मग, खोटं, पुन्हा सांगितलं, उद्या नक्की म्हणाल्या. आणि त्यापुढचं पान. ज्योती: फोन उचलत नाही. मॅडम पण.

"क्या लिखा है?" प्राचार्यांनी विचारलं.

त्या खोलीत मराठी वाचणारी मी एकटी होते. समोर ते बसले होते, हात मांडीवर, शिटी छातीवर. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी म्हणाले, "कुछ खास नहीं, सर. हाज़िरी है."

मला वाटलं, आता हे बोलतील. उठून वही हिसकावून घेतील, मोठ्यानं वाचतील. उभ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस. पण ते इतकंच म्हणाले, "हाँ साहब, हाज़िरी है."

सक्त ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. फोनची हजेरी बंद करावी असं लेखी दिलं. खाली तीन सह्या आहेत, तिसरी माझी. मला आजपर्यंत कळलेलं नाही की त्यांनी मला का वाचवलं. वाचवलंच असेल असंही नाही. कदाचित त्यांना माझ्याकडून दुसरी काही अपेक्षाच उरली नसेल.

माझा शोधनिबंध छापून आला. नियमित व्यायाम करणारे विद्यार्थी महामारीत अधिक आनंदी राहिले, असा निष्कर्ष. मला बढती मिळाली, समारंभात एक शील्ड मिळाली, ती दिवाणखान्यात आहे. ज्योतीची ओळ त्या निबंधात आहे. रोज एक तास व्यायाम, मन प्रसन्न, पूर्ण आशा. माझ्या निष्कर्षाला तिच्याइतका आधार दुसऱ्या कुणाचाच नाही.

सर रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभ झाला नाही, कोरोनाचं निमित्त होतंच. सामानाच्या खोलीच्या किल्ल्या जमा करायला ते माझ्याकडे आले. किल्ल्या ठेवल्या आणि विचारलं, "मॅडम, ज्योतीचा फॉर्म काढला का त्यातून?"

"असा एक फॉर्म काढता येत नाही, सर. पद्धत असते."

"बरं," म्हणाले. सवयीनं खिशात हात गेला. थोडा वेळ तो तिथेच राहिला. मग तसाच बाहेर आला, रिकामा, आणि ते गेले.

दोन वर्षांनी मला साखर निघाली. डॉक्टरनं व्यायाम सांगितला. जिम काय कमी आहेत गावात? पण मी त्यांचा नंबर लावला. का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. माफी मागायची छाती नव्हती, म्हणून बैठका.

"सर, मी आपटे. मला हजेरीत घ्याल?"

"साडेपाचला उठाल?"

"सहा चालेल?"

"सहा."

बस. त्याविषयी एक अक्षर आम्ही कधी बोललो नाही. रोज सहाला मी फोन जमिनीवर ठेवायचे आणि दहापासून सुरुवात केली ती पुढे पंचवीसवर नेली. तेही पलीकडे माझ्याबरोबर घालायचे. मोजणी दोघांची एकदम. त्यांची धाप ऐकू यायची, आणि मी कधी गुडघा चोरला की मोजणी थांबायची. "मग पहिल्यापासून." मला फार बरं वाटायचं, लाज वाटावी इतकं बरं वाटायचं.

मग हिवाळा आला. इथली थंडी हाडं फोडते. एका सकाळी मी पांघरुणातून उठलेच नाही, पडूनच मोजलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून, हातात चहा घेऊन मोजलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी मुद्दाम, अगदी सपाट आवाजात, भाजीची यादी सांगावी तसे पंचवीस आकडे म्हटले. ते म्हणाले, "शाबास. उद्या सहाला." फोन ठेवला. पाठमोरे असताना पोराची चोरी पकडणारा हा माणूस. मग मला आठवलं की त्यांचीही धाप मी कित्येक दिवसांत ऐकलेली नव्हती.

चौथ्या दिवशी मी सहाची वाट बघितली नाही. रिक्षा करून माधवगंजात गेले. धुकं इतकं की देवळाचा दिवा तेवढा दिसत होता. दार वहिनींनी उघडलं. मला बघून त्या गोंधळल्या. "अहो, तुम्ही इथे कशा? तुमचीच तर वेळ होते आहे आता." मग हळू आवाजात म्हणाल्या, "महिना झाला, उठत नाहीत. डॉक्टर म्हणतात पायांत काही दोष नाही. जेवत पण नाहीत धड. सहाला मात्र फोन मागतात. म्हणतात, मी थांबलो तर मॅडम थांबतील." आणि मग त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही मनाच्या डॉक्टर न? एकदा बोलून बघा."

मी दाराशीच उभी राहिले आणि सहाला फोन लावला. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सर पलंगावर उताणे पडले होते, रजई हनुवटीपर्यंत, फोन उशीवर कानाशी. गळ्यात शिटी नव्हती. खाली बूट होते, पिवळे पडलेले, कित्येक दिवस खडू न लागलेले. छताकडे बघत ते मोजायला लागले. एक, दोन, तीन. आवाज खोलीतून येत होता आणि माझ्या हातातल्या फोनमधूनही. माझ्या तोंडून आकडा निघेना.

अकरावर ते थांबले. "मॅडम, आवाज येत नाही तुमचा. तीन दिवस झाले, खोटं मोजता आहात न?"

चौकशीत वही बंद करताना जे म्हणायला पाहिजे होतं ते मी आत्ता म्हटलं.

"हो, सर. खोटं."

त्यांनी मान वळवली नाही. मी दारात आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानंतर महिनाभरात ते गेले, आणि माझ्या डोळ्यांसमोर राहिले ते असे. रजईतून एक हात बाहेर आला, दोन बोटं स्वतःच्याच मनगटावर टेकली, आणि ते छताला म्हणाले, "मग पहिल्यापासून. एक."